सोलापूरचा वर्ग आणि आपली मराठी

सोलापूर हे एका भाषेचे शहर कधीच नव्हते. गिरण्यांच्या आणि हातमागांच्या या शहरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या चारही भाषा एकाच बाजारात, कधी कधी एकाच दुकानात बोलल्या जातात. घरात दखनी, गल्लीत तेलुगू किंवा कानडी आणि शाळेत मराठी किंवा उर्दू अशा वातावरणात इथला मुस्लिम विद्यार्थी वाढतो. हा विद्यार्थी महाविद्यालयात जाऊन मराठी साहित्य शिकू लागला तेव्हा त्याला तिथे काय मिळाले आणि त्याने तिथे काय आणले, याचा इतिहास आपण फारसा मांडलेला नाही. तो मांडणे गरजेचे आहे, कारण मुस्लिम मराठी साहित्याच्या चळवळीची मुळे याच वर्गखोल्यांच्या आसपास सापडतात.

सोलापुरात १९४० साली दयानंद महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी बी.ए. व्हायचे तर बहुतेकांना पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे, आणि ती वाट कामगार, विणकर, बागवान, अत्तार, मणियार यांच्या मुलांना परवडणारी नव्हती. १९५३ मध्ये संगमेश्वर महाविद्यालय निघाले. विद्यापीठ मात्र बदलत राहिले. आधी मुंबई, १९४९ पासून पुणे, १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि अखेर २००४ मध्ये सोलापूरचे स्वतःचे विद्यापीठ. म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ सोलापूरच्या मुलांनी कोणते साहित्य वाचायचे, हे दुसऱ्या गावात ठरत होते.

दयानंद महाविद्यालयात आरंभीच्या काळात मराठी शिकवणाऱ्यांत करमाळ्यात जन्मलेले यू. म. पठाण होते. पुढे ते औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात मराठी विभागाचे प्रमुख झाले. महानुभाव आणि संतसाहित्याचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांनी आणखी एक महत्त्वाचे काम केले. बखरींतली फारसी आणि फारसी-मराठीचा अनुबंध त्यांनी अभ्यासाचा विषय केला. कागद, दुकान, वकील, अर्ज, शिफारस, जमीन हे शब्द आपण रोज वापरतो. ‘शाहीर’ हा शब्द अरबी ‘शायर’वरून आला, आणि ‘बखर’ हा ‘खबर’वरून आला असे पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे मराठीचे ऐतिहासिक गद्य आणि मराठीची लोकप्रिय कविता या दोहोंच्या नावातच हा अनुबंध आहे. हे वर्गात नीट सांगितले गेले, तर ‘तुम्ही मुसलमान असून मराठी छान बोलता’ हे कौतुक ऐकण्याची वेळ आपल्या मुलांवर येणार नाही. जी भाषा घडवण्यात आपल्या पूर्वजांचा हात आहे, ती छान बोलता येण्यात नवल ते काय?

फारसीच्या वर्गाने मराठीला काय दिले याचे दुसरे उदाहरण माधव जूलियन. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते फारसी शिकवत. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश आला आणि १९३३ मध्ये ‘गज्जलांजली’. मराठी गझलेचा पाया घातला गेला तो महाविद्यालयातल्या फारसीच्या अध्ययनातून. आज मराठी गझल शिकवताना या वाटेचा उल्लेख किती ठिकाणी होतो?

खरी उणीव इथेच होती. अभ्यासक्रमात मुस्लिम लेखक नव्हते असे नाही. ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद होते, लावणी-पोवाड्यांत सगनभाऊ होते. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहून ही परंपरा एकत्र मांडली होती. पण वर्गात ती अपवाद म्हणून, सहिष्णुतेचा दाखला म्हणून येई. आजच्या मुस्लिम मोहल्ल्यातले जगणे, दंगलीनंतरची भीती, दखनी वळणाची मराठी, बायकांच्या ओव्या आणि लग्नगीते यांना त्या पुस्तकांत जागा नव्हती. विद्यार्थी मराठीत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होई आणि आपल्या आईचे एकही वाक्य त्याला पुस्तकात सापडत नसे.

या अस्वस्थतेला आवाज मिळाला तो सोलापुरातच. संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने मार्च १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन इथे भरले. कवी फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते. पुढाकार घेणारा माणूस मराठीचा प्राध्यापक नव्हता ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. साहित्यात कोण दिसतो आणि कोण दिसत नाही हा प्रश्न त्यांनी समाजाच्या रचनेतून पाहिला. त्याच १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद यू. म. पठाण यांना मिळाले. एकाच वर्षी दोन व्यासपीठे. एकाने परंपरेतला आपला वाटा दाखवला, दुसऱ्याने वर्तमानातली आपली गैरहजेरी. काहींना तेव्हा यांत विरोध दिसला, पण दोन्ही कामे एकमेकांना पूरक होती.

चित्रपटाचा अभ्यास वर्गात उशिरा आला. पण सोलापूरला तो परका नाही. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. चीनमध्ये सेवा करताना मरण पावलेल्या सोलापूरच्या मराठी डॉक्टरची ती कथा लिहिली होती ख्वाजा अहमद अब्बास यांनी. पुढच्याच वर्षी ‘लोकशाहीर राम जोशी’ आला, तोही सोलापूरच्याच शाहिरावर. साहित्याचे माध्यमांतर शिकवायचे तर याहून जवळचा धडा कोणता?

अलीकडचे उदाहरण करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. नागराज मंजुळे यांनी पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केले, त्यानंतर तेव्हाच्या अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यास केला. कविता, मग लघुपट, मग ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६). ‘सैराट’मध्ये महाविद्यालयाचा वर्ग आहे आणि तिथल्या प्राध्यापकाला गावपुढाऱ्याच्या मुलाकडून भर वर्गात थप्पड खावी लागते. त्याच चित्रपटातला सल्या हा मुसलमान मित्र करमाळ्याचीच मराठी बोलतो. तो कव्वाली गात नाही, देशभक्तीचे भाषण देत नाही. तो मित्राच्या संकटात मित्रासोबत असतो, इतकेच. आपल्या लेखकांनी तीस वर्षे जे मागितले ते हेच होते.

बार्शीचे अमर शेख यांचे शिक्षण अर्धवट राहिले. गिरणी कामगार असलेला हा शाहीर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आवाज झाला आणि आज मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे. मानसन्मान मिळाला याचा आनंद आहेच. पण अध्यासनाला अभ्यासक लागतात. सोलापूर जिल्ह्यातल्या शाहिरांच्या वह्या घराघरांत जीर्ण होत आहेत. दखनी लग्नगीते पाठ असलेल्या आजीबाई एकेक करून जात आहेत. विद्यापीठ आता आपल्याच गावात आहे. एम.ए.च्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आधी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसावे, ऐकावे आणि लिहून घ्यावे. अभ्यासक्रमात जागा मागायची तर हातात संहिता असावी लागते, आणि ती जमवण्याचे काम दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही.