नकारातील निवड : एग्मोरचे प्रसूतिगृह आणि स्त्री-रुग्ण

मद्रासमधील (आजचे चेन्नई) सरकारी प्रसूतिगृह 1844 मध्ये स्थापन झाले आणि 1880 च्या दशकाच्या आरंभी ते एग्मोर येथील सध्याच्या जागी आले. रुग्णालयाच्या नोंदवहीत दाखल झालेल्या स्त्रीची नोंद होते. दारापर्यंत न आलेल्या स्त्रीची होत नाही. तिच्या नकारामागील निवड समजून घेण्यासाठी अभ्यासकाला चरित्रे, आत्मकथने आणि भाषणे यांच्याकडे वळावे लागते.

या प्रसूतिगृहात प्रशिक्षण घेतलेल्या मेरी शार्लिब यांना 1875 मध्ये अन्य तिघींसह मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. पुढे लंडनची पदवी घेऊन त्या 1883 मध्ये मद्रासला परतल्या. पुरुष डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्यास नकार देणाऱ्या स्त्रियांसाठी 1885 मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘व्हिक्टोरिया हॉस्पिटल फॉर कास्ट अँड गोषा विमेन’ सुरू झाले. आज ते ट्रिप्लिकेन भागातील कस्तुरबा गांधी रुग्णालय आहे.

याच काळात आनंदीबाई जोशी यांनी तोच प्रश्न मांडला. 1883 मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या इंग्रजी भाषणात त्यांनी हिंदुस्थानला स्त्री-डॉक्टरांची गरज असल्याचे प्रतिपादन केले. त्यामागे कोवळ्या वयात स्वतःचे अर्भक गमावल्याचा अनुभव होता. त्यांच्या मांडणीत स्त्रीचा संकोच अज्ञानाचे लक्षण ठरत नाही. परक्या पुरुषासमोर दुखणे सांगता न येणे ही उपचारातील प्रत्यक्ष अडचण ठरते.

दोन्ही मांडण्यांतील अंतर लक्षणीय आहे. मद्रासच्या संस्थेने स्त्रीचा नकार मान्य केला. परंतु तिच्या नावाने त्या नकाराचे भाषांतर ‘जात’ आणि ‘गोषा’ या सामाजिक वर्गांत केले. त्यामुळे व्यक्तीची इच्छा ही समाजाची रूढी म्हणून वाचली गेली. ज्या स्त्रीजवळ यांपैकी एकही ओळख नव्हती, तिच्या संकोचाला त्या नावात जागा नव्हती. रुग्णाला काय हवे, यापेक्षा ती कोणत्या घरची, हा प्रश्न अगोदर आला.

1912 मध्ये वैद्यकीय पदवी मिळवून मुथुलक्ष्मी रेड्डी एग्मोरच्या प्रसूतिगृहात हाउस सर्जन म्हणून रुजू झाल्या. ही नेमणूक सर्वांसाठी खुल्या असलेल्या सरकारी रुग्णालयात झाली होती. स्त्री-डॉक्टरची निवड विशिष्ट जातीच्या वा पडद्यातील स्त्रीपुरती मर्यादित राहू नये, या दिशेने पडलेले ते एक पाऊल होते. रुग्णाच्या पसंतीचा इतिहास लिहिताना म्हणूनच उपलब्ध सोयींबरोबर ती सोय कोणाच्या नकारामुळे निर्माण झाली आणि कोणाचा नकार ऐकलाच गेला नाही, हेही तपासणे अगत्याचे ठरते.