सातमाशी बाळे आणि त्यांची राखण

कामगार चळवळीतल्या माणसाने तान्ह्या बाळांवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, वर्तमानपत्रे आणि करारांचे मसुदे वाचून. परंतु आजचा आमचा विषयही श्रम हाच आहे. फरक इतकाच की, हे श्रम करणारीच्या हाताखाली लोखंड नसते, दीड किलोचा जीव असतो.

दिवस भरण्याआधी आलेल्या मुलाला आपल्याकडे सातमाशी, अठमाशी म्हणतात. आमच्या उत्तनच्या जुन्या बाया अशा मुलाला कापसात गुंडाळीत, खोलीत शेगडी ठेवीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उंबऱ्यावरच थोपवीत. शेगडीचा धूर सोडला तर बाकीचे सारे शहाणपणाचेच होते. अशा मुलाच्या कातडीखाली चरबी फार थोडी आणि वजनाच्या मानाने अंग मोठे. म्हणून ऊब झपाट्याने निघून जाते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळही ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्याला बहुधा साधत नाही.

पॅरिसच्या प्रसूतिगृहात स्तेफान तार्निये यांनी १८८०च्या सुमारास अशा मुलांसाठी उबेची पेटी बसविली. कल्पना सुचली ती कोंबडीची अंडी उबविण्याच्या यंत्रावरून! पेटीने जीव वाचू लागले; पण मूल काचेच्या आत आणि आई बाहेर, ही चालही हळूहळू रूढ झाली. ती मोडली गरिबीने. कोलंबियातील बोगोटा शहरी पेट्या पुऱ्या पडेनात, तेव्हा डॉ. एदगार रेय यांनी १९७८ साली मूल आईच्या उघड्या छातीशी बांधावयास आरंभ केला. पुष्कळांनी हा गरिबांचा तोडगा मानला. पुढे पाच देशांत याची चाचणी झाली. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्या, एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतल्या मुलांत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू शेकडा १५.७ वरून १२ वर आल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आईच्या दुधाची पेढी काढली. आशियातील ती पहिली. डॉक्टरांचे नाव इतिहासात येते, ते योग्यच आहे. पण रात्री तीन वाजता नळीतून थेंबथेंब दूध उतरविते ती परिचारिका असते, आणि तिचे नाव हजेरीपटाबाहेर कोठे सापडत नाही.

या परिचारिकेचे कौशल्य कोणते? बोस्टनच्या हायडेलीझ आल्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८६ साली ते शास्त्राच्या भाषेत मांडले. मूल बोलत नाही, पण सांगते. बोटे ताठ फाकली, उचकी लागली, रंग पालटला, म्हणजे हात आवरावा. दिवे मंद करावेत, पेटीचे दार आपटू नये, कापडाच्या वळकटीचे घरटे करून हातपाय पोटाशी आणावेत, सुई-नळीची कामे एकत्र उरकून मुलाला झोपू द्यावे. हात केव्हा लावू नये हे कळावयास वर्षे लागतात. आणि अशी हात बसलेली बाई उचलून दुसऱ्या वॉर्डात धाडलेली आम्ही पाहिली आहे! गिरणीत मुरलेल्या विणकराला कोणी गाठी बांधावयास पाठविले असते, तर आम्ही फाटकावर सभा घेतली असती.

ज्या गावांत परिचारिकाच नाही, तेथली कथा गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत थोडे शिकलेल्या गावच्याच बाया निवडल्या. मुलाचे वजन घेणे, श्वास मोजणे, गुदमरलेल्याला फुग्याने हवा देणे, लहानग्याला उबदार पिशवीत ठेवणे, एवढेच काय, जंतुदोषावर इंजेक्शन देणेही त्या शिकल्या. त्यांना नाव मिळाले आरोग्यदूत. हजार जन्मांमागे ६२ नवजात मुले दगावत होती, ती संख्या काही वर्षांत २५ वर आली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे छापले, तेव्हा इंजेक्शनाबद्दल नाक मुरडणाऱ्यांना आकड्यांशी वाद घालावा लागला.

२०११ साली केंद्र सरकारने हीच रीत देशभर आशांच्या हाती दिली. तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा फेऱ्या, घरी बाळंतपण झाले असेल तर सात. आणि साऱ्यांचा मोबदला ठरला २५० रुपये. ‘मोबदला’ म्हटले, ‘वेतन’ नव्हे, कारण कागदोपत्री आशा ही स्वयंसेविका. या एका शब्दाने केवढा पैसा वाचतो, हे करार वाचून शिकलेल्या आम्हांला कोणी समजावून सांगावयास नको.

जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप केला. आमच्या ओळखीच्या एक आशाताई दिवसभर धरण्यावर बसल्या, घोषणा दिल्या आणि संध्याकाळी पिशवीत वजनकाटा घालून एकवीस दिवसांच्या एका अठमाश्या मुलाकडे गेल्या. संपाच्या शिस्तीप्रमाणे ते चूकच होते. आम्ही त्यांना काही बोललो नाही. वजन किती भरले एवढेच दुसऱ्या दिवशी विचारले. दोनशे ग्रॅमने वाढले होते.