रोडगा, नानकटाई आणि कुकरमधला केक

लातूर जिल्ह्यातील जळकोट हे उदगीरच्या उत्तरेला, नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. मुलूख ज्वारीचा. रोजच्या जेवणात भाकरी आणि सणावाराला गहू, अशी इथली जुनी रीत. आता अशा गावातही मुलाचा वाढदिवस म्हटला की केक आलाच. कोणी तो बेकरीतून आणतात, कोणी घरीच कुकरमध्ये भाजतात. वर्गात कुणाच्या वाढदिवसाला केक वाटला गेला की दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. एक, "यात अंडे आहे का?" आणि दुसरा, बहुधा एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाचा, "हे साहेबाचे खाद्य आपल्याकडे कुठून आले?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि ती शोधताना इतिहासाबरोबर बरेचसे रसायनशास्त्रही हाती लागते. सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून करू.

भाजणे, म्हणजे पदार्थाला चोहोबाजूंनी कोरडी उष्णता देऊन शिजवणे, ही क्रिया मराठवाड्याला मुळीच परकी नाही. रोडगे आठवून पाहा. जाडसर दळलेल्या गव्हाची घट्ट कणीक मळायची, तिचे गोळे करायचे, गोवऱ्या पेटवून त्यांचा आर पडला की गोळे त्यात पुरायचे. तासाभराने राख झटकून, फोडून, तुपात बुडवून वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. नवस फेडायला, मारुतीच्या पारावर, शेतातल्या जेवणावळीला आजही रोडगे होतात. ही प्रथा किती जुनी असावी? पैठणच्या एकनाथ महाराजांच्या एका प्रसिद्ध भारुडातली सासुरवाशीण देवीला नवस बोलते तो रोडगा वाहण्याचाच. एकनाथांचा काळ सोळाव्या शतकाचा. म्हणजे गव्हाचा पदार्थ आरात भाजून घरचे कार्य साजरे करणे हे तेव्हाच्या श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नव्हते.

गोवरीचा आर ही भट्टी म्हणून उत्तम. ज्वाला नसते, उष्णता मंद आणि बराच वेळ टिकणारी असते, आणि राख ती सगळीकडून सारखी पोचवते. चुलीवरच्या तव्याला हे जमत नाही. तिथे उष्णता फक्त खालून येते, म्हणून भाकरी उलटावी लागते. पातळ पीठ भांड्यात ओतून भाजायचे असेल तर ते उलटता येणार नाही. मग वरूनही विस्तव हवा. कोकणात काकडीचे धोंडस करताना पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवत. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळाच्या बेबिंकाचा एकेक थर असाच वरच्या निखाऱ्यांवर भाजला जाई. आपल्याकडे 'ओव्हन' हा शब्द नव्हता, पण त्याच्या मागची युक्ती ठाऊक होती.

मग रोडगा आणि केक यांत फरक कशाचा? पोकळीचा. रोडगा घट्ट असतो, केक जाळीदार. केकच्या पिठात वायूचे असंख्य बुडबुडे तयार व्हावे लागतात, ते भाजेपर्यंत आत टिकावे लागतात, आणि भाजता भाजता त्यांच्या भिंती कडक व्हाव्या लागतात. भिंती बांधायचे काम गव्हातील ग्लुटेन, अंड्यातील प्रथिन आणि शिजलेले पिष्ट करते. बोलोन्याच्या बेकारी या इटालियन शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात कणीक पाण्याखाली धुऊन हा चिवट पदार्थ वेगळा काढून दाखवला. विद्यार्थ्यांनाही हे सहज जमते: मूठभर कणकेचा गोळा वाटीभर पाण्यात दाबत राहिले की पिष्ट धुऊन जाते आणि हातात रबरासारखा गोळा उरतो. ज्वारीच्या पिठाचा तसा गोळा करून पाहा. सगळेच विरघळून जाईल. ज्वारीत ग्लुटेन नाही. भाकरी फुगते ती पापुद्र्याखाली वाफ कोंडली जाते म्हणून, पण तिच्या अंगात जाळी पडत नाही. ज्वारीच्या मुलखात फुगवलेल्या भाजणीची परंपरा का निर्माण झाली नाही, याचे एक कारण इथे आहे.

भिंती झाल्या, आता वायू कोठून आणायचा? जगाने याची दोन जुनी उत्तरे शोधली होती. एक किण्वाचे, म्हणजे यीस्टचे. दुसरे अंडे फेटण्याचे. हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेच्या १७४७ च्या पाकपुस्तकात पाउंड केकचे मिश्रण तासभर घोटायला सांगितले आहे. त्या तासाभरात फेसातून हवा कोंडायची, दुसरा उपाय नव्हता. असा केक ज्या घरी नोकरचाकर असतील तिथेच व्हायचा, हे उघड आहे. इंग्लंडातही केक ही गरिबाच्या घरची गोष्ट नव्हती.

आपल्याकडे मात्र या दोन्ही उत्तरांवर सामाजिक अडचण होती. पोर्तुगीजांनी आणलेला पाव (हा शब्दही त्यांचाच) फुगवायला गोवा-वसई भागात ताडी किंवा माडी वापरत. पाव पायाने तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात, ही आपल्याकडची जुनी समजूत भाषेच्या दृष्टीने खोटी आहे, पण तिच्यातून तिटकारा मात्र खरा कळतो. ताडी म्हणजे मद्य, अंडे म्हणजे अभक्ष्य, आणि भाजणारा परधर्मी. तीन दोष एका लादीत.

हे दोष किती गांभीर्याने घेतले जात, त्याचा दाखला पुण्यातला आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. चहा-बिस्किटे पुढे आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी 'पुणे वैभव' पत्रातून उपस्थितांची नावे फोडली. ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. आज हे हसण्यावारी नेता येते. पण ज्या घरात पुरुषाला मिशनच्या बिस्किटाबद्दल जाब द्यावा लागत होता, त्या घरातल्या बाईने केक करून पाहण्याचा विचारही केला नसेल. पुढे १८९८ साली दिल्लीत चक्क 'हिंदू बिस्किट कंपनी' निघाली. तिची मुख्य जाहिरात हीच, की हा माल उच्चवर्णीय हातांनी बनवलेला आहे. बिस्किट चालेल, हात कोणाचे ते सांगा!

या कोंडीतून वाट निघाली ती एका पांढऱ्या भुकटीमुळे. तिचा शोध लागला तो आपल्या सोवळ्याओवळ्याशी काहीही संबंध नसलेल्या कारणाने. बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधविक्रेता होता. त्याच्या पत्नीला अंडे आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्याने आधी अंड्याविना कस्टर्ड केले आणि १८४३ साली यीस्टशिवाय पाव फुगवणारी पूड: खाण्याचा सोडा, एक कोरडे आम्ल आणि ओलावा शोषायला थोडे पिष्ट. पाणी लागताच आम्ल आणि सोडा यांची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. अमेरिकेत हॉर्सफर्ड याने १८५६ साली फॉस्फेटचे आम्लधर्मी क्षार वापरून यात सुधारणा केली. जर्मनीत ऑगस्ट ओएटकर या औषधविक्रेत्याने १८९० च्या दशकात अर्धा किलो पिठाला पुरेल एवढीच पूड पुड्यांत भरून विकायला काढली. पुडीची कल्पना साधी, पण मोलाची: गृहिणीला तराजू लागेना. दरम्यान बेल्जियमच्या सोल्वे याने १८६१ पासून मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांपासून सोडा करण्याची पद्धत बसवली आणि सोडा स्वस्त झाला. भारतात मिठापूरचा टाटांचा रासायनिक कारखाना १९३९ सालचा.

आपल्या घरांना सोडा नवा नव्हता. पापडखार हा त्याचाच भाऊबंद. मराठवाड्याच्या वेशीवर, बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे उल्काविवर आहे. त्याच्या खाऱ्या सरोवरातून शतकानुशतके सोड्याचे क्षार काढले जात. काच आणि साबण यांच्या कच्च्या मालासाठी लोणारचे नाव 'ऐन-ए-अकबरी'तही आले आहे. पापडात चालणारा खार केकमध्ये का चालू नये? ताडी नाही, अंडे नाही, जिवंत काही नाही. सोड्याला कोणाचीच हरकत नव्हती.

वर्गात इथे थोडे गणित करता येईल. सोडियम बायकार्बोनेटचा रेणुभार ८४. चहाचा एक चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम सोडा. पुरेसे आम्ल मिळाले तर त्यातून खोलीच्या तापमानाला जवळजवळ दीड लिटर वायू निघतो. आम्ल नसेल आणि नुसती उष्णता दिली, तर निम्माच, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. आणि मागे धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, उरतो. सोडा जास्त झालेला केक साबणासारखा लागतो तो यामुळे. म्हणून बिनअंड्याच्या केकमध्ये दही, ताक किंवा लिंबाचा रस घालायचा. अंड्यासारखा पिवळा रंग यावा म्हणून कोणी चिमूटभर हळद घातली आणि आम्ल कमी पडले, तर केकमध्ये तांबडे ठिपके दिसतात. घरात त्याचा दोष बाईच्या हाताला दिला जातो. खरे तर ती हळदीची अल्कलीशी झालेली क्रिया आहे, हळदीच्या कागदाने आपण आठवीत दाखवतो तीच.

सोड्याने पोकळीचा प्रश्न सोडवला. अंड्याचे दुसरे काम, भिंती बांधण्याचे, उरलेच होते. त्यात मैदा, दही आणि पुढे डब्यातले आटीव गोड दूध यांनी हातभार लावला. नेस्ले कंपनीचा पंजाबातील मोगा येथील कारखाना १९६१ सालचा. आटीव दुधाच्या डब्याने मध्यमवर्गीय घरांत बिनअंड्याचा केक रुजवला. मात्र हा डबा महाग, आणि तालुक्याच्या गावी तो मिळेलच असे नाही. दही-साखर-रव्याचा केक तिथे अधिक झाला, आणि माझ्या मते तो चवीलाही कमी नाही.

आता उष्णतेकडे परत येऊ. गोवऱ्यांचा आर गेला, चूल गेली, रॉकेलचा स्टोव्ह आणि मग गॅस आला. झाकणात तार असलेले अॅल्युमिनियमचे गोल विजेचे ओव्हन शहरांत आले, पण भारनियमनाच्या गावात केक अर्धा भाजून बसणे काही नवलाचे नव्हते. १९५९ पासून भारतात बनू लागलेल्या प्रेशर कुकरने इथे अनपेक्षित कामगिरी बजावली. तळाला बोटभर वाळू किंवा जाडे मीठ, त्यावर ताटली, तिच्यावर केकचे भांडे, झाकणाची शिट्टी आणि रबरी कडे काढलेले.

शिट्टी का काढायची, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहण्यासारखे आहे. पाणी घालून, दाबाखाली कुकरमधले तापमान जेमतेम १२० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. त्यात ढोकळा होईल, केकचा तांबूस पृष्ठभाग होणार नाही. तो रंग आणि वास साखर-प्रथिनांच्या क्रियेतून येतात. मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले. ती वेगाने घडायला दीडशेच्या आसपास तापमान आणि कोरडेपणा लागतो. वाळू ज्योतीची आच थेट भांड्याला लागू देत नाही, उष्णता साठवते आणि हळूहळू सोडते; तापलेले कुकरचे अंग आणि झाकण बाजूने व वरून भाजते. म्हणजे राखेचे काम वाळूने केले. ज्या आजीने आरात रोडगे पुरले, तिच्या नातीने कुकरमध्ये केक ठेवला तेव्हा तिला फारसे काही नवीन शिकावे लागले नाही. (इतका वेळ कोरडे तापवल्याने कुकर खराब होतो, तेव्हा जुना कुकरच यासाठी ठेवावा.)

या सगळ्याच्या मध्ये एक पदार्थ राहिला, नानकटाई. 'नान' म्हणजे फारसीत रोटी. सुरतेतल्या डच लोकांच्या बेकरीतून ती पारशी भट्टीवाल्यांकडे आली आणि गिऱ्हाइकांसाठी तिच्यातून ताडी व अंडी गळाली, अशी परंपरागत कथा आहे. मैदा, तूप, साखर आणि चिमूटभर सोडा. जो पदार्थ आपल्याकडे सर्वत्र पोचला, त्यात आक्षेपार्ह काही उरलेच नव्हते.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उदगीरची रेल्वे बीदर, विकाराबादवरून हैदराबादला जाते, आणि हैदराबाद हे बेकऱ्यांचे शहर. या भागातल्या लहान गावांतही भट्टी म्हणजे बहुधा मुसलमान कुटुंबाची. दिवाळीच्या आधी घराघरांतून रवा-मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून तिथे न्यायची. तिथेच कोणी मळून, कोणी घरून मळून आणून, पत्र्याच्या तबकांवर टिकल्या लावायच्या. पाव काढून झाल्यावर विटांची भट्टी थोडी निवलेली असते. नानकटाईला तेवढीच आच लागते, म्हणून तिची पाळी दुपारनंतर. पाव शिवू नये म्हणणाऱ्या घरांची दिवाळी त्याच भट्टीत भाजली गेली, आणि त्याबद्दल कोणी प्रायश्चित्त घेतल्याचे ऐकिवात नाही. ईदच्या आधी तोच क्रम, डबे दुसऱ्या घरांचे.

डबा आपलाच परत मिळावा म्हणून त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवत. तुपाने ती पारदर्शक होई, पण शाई वाचता येत असे.