लागर बिअरसाठी फ्रिज आणि टेंपरेचर कंट्रोलर : सेटअप कसा करायचा?

आधी कायद्याचं बोलून घेऊ. मी बॉस्टनजवळ राहतो. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्यामुळे घरच्यासाठी बिअर बनवता येते, पण विकता येत नाही. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय मद्य बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे आणि बिअरही त्यात येते. त्यामुळे तिकडच्या वाचकांनी हा लेख फक्त कंट्रोलर समजून घेण्यासाठी वाचावा. थंडीत दही लावायला किंवा इडलीचं पीठ आंबवायलाही हेच यंत्र चालतं. (माझ्याकडे जानेवारीत तेच चालू असतं.)

फ्रिज आहे, मग कंट्रोलर कशाला?

घरचा फ्रिज साधारण ४ अंशांसाठी बनवलेला असतो. लागरचं यीस्ट आंबवताना १० ते १२ अंश मागतं. शेवटी दोन दिवस १६ ते १८ अंश, म्हणजे बटरसारखा वास निघून जातो. मग तीन-चार आठवडे शून्याच्या आसपास. जर्मन भाषेत 'लागर्न' म्हणजे साठवून ठेवणं, नाव तिथूनच आलं. फ्रिजच्या डायलवर यातलं बहुतेक काही जमत नाही. गंमत म्हणजे कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात आपलं थंडाव्याचं यंत्र आधी म्युनिकच्या एका ब्रुअरीतच चालवून पाहिलं होतं.

उपाय सोपा आहे. फ्रिजचा प्लग कंट्रोलरमध्ये, कंट्रोलर भिंतीत, आणि सेन्सरची वायर दाराच्या रबरातून आत. आत तापमान वाढलं की कंट्रोलर फ्रिजला वीज देतो, उतरलं की तोडतो. प्रोग्रामिंग येत असेल तर हा चार ओळींचा इफ-एल्स आहे. कंट्रोलरला दुसरा सॉकेट असेल तर त्यात २५-४० वॅटचा छोटा हीटिंग पॅड लावा. माझं बेसमेंट हिवाळ्यात खूप गार होतं, तेव्हा १६ अंश गाठायला तो लागतोच.

फ्रिज जुना, डायलवाला घ्या. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा किंवा डिजिटल पॅनलचा नको, कारण सारखी वीज तोडलेली त्याच्या सर्किटला सोसत नाही. काही मॉडेल तर वीज परत आल्यावर आपणहून सुरूच होत नाहीत.

सेटिंग

स्वस्तातला एसटीसी-१००० घेतला तर त्यात चार सेटिंग असतात. एफ१ म्हणजे हवं ते तापमान. एफ२ म्हणजे किती फरक पडल्यावर जागं व्हायचं, कंपनीकडून ०.५ अंश येतं. एफ३ म्हणजे कॉम्प्रेसर बंद झाल्यावर किती मिनिटं थांबायचं, हे ३ असतं. ते कमी करू नका. बंद झालेला कॉम्प्रेसर लगेच सुरू केला तर आतल्या दाबाविरुद्ध त्याला जोर लावावा लागतो आणि तो जळू शकतो. एफ४ म्हणजे सेन्सरची चूक भरून काढणं. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ग्लासात ढवळून सेन्सर बुडवा. ते शून्य असतं. स्क्रीनवर ०.८ दिसलं तर एफ४ उणे ०.८ करा.

हे यंत्र ११०, २२० आणि १२ व्होल्ट अशा वेगवेगळ्या प्रकारांत मिळतं, घेताना लेबल वाचा. शिवाय मागचे स्क्रू उघडे असतात, वायरिंग आपणच करायचं. त्याची सवय नसेल तर सरळ प्लगवाला, वाय-फाय असलेला कंट्रोलर घ्या. थोडे पैसे जास्त जातात, पण करंट लागायची भीती नाही.

सेन्सर कुठे लावायचा

सगळा खेळ इथे आहे. सेन्सर फ्रिजमध्ये नुसता लटकवला तर तो हवेचं तापमान मोजतो. हवा पाच मिनिटांत गार होते, २० लिटर बिअर होत नाही. वर आंबताना बिअर स्वतः उष्णता सोडते. जोर चढला की ती हवेपेक्षा दोन-चार अंश गरम असते. म्हणजे स्क्रीन १२ म्हणतेय आणि यीस्ट १५ ला बसलंय. म्हणून सेन्सर भांड्याच्या बाहेरच्या बाजूला, बिअरच्या पातळीच्या खाली, टेपने घट्ट चिकटवा आणि वरून बबल रॅपच्या तीन-चार घड्या लावा, म्हणजे हवा त्याच्यापर्यंत पोचणार नाही.

माझी दुसरी बॅच याच सेन्सरने घालवली. नमुना काढायला भांडं बाहेर घेतलं, परत ठेवलं, आणि सेन्सर राहिला बेसमेंटच्या फरशीवर. कंट्रोलरला बिचाऱ्याला १७ अंश दिसत राहिले, तो रात्रभर फ्रिज चालवत राहिला. सकाळी भांड्याच्या कडेने बर्फ, यीस्ट तळाला झोपलेलं. ॲपमध्ये ग्राफ रात्रभर सपाट होता. मी तो झोपायच्या आधी पाहिलाही होता आणि 'वा, किती स्थिर!' म्हणून खूश झालो होतो. फ्रिज चालू असताना तापमान उतरतच नसेल तर तो सेन्सर बिअरवर नाही, एवढं तेव्हा सुचलं नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी केल्या. ॲपमध्ये वरच्या आणि खालच्या दोन्ही मर्यादांचे अलार्म लावले. आणि फ्रिजचा स्वतःचा डायल सगळ्यात कमी थंडावर ठेवला, म्हणजे कंट्रोलर फसला तरी फ्रिज स्वतःच कधीतरी थांबेल. शून्याच्या टप्प्यात मात्र डायल पुन्हा फिरवावा लागतो, दोनदा विसरलोय.

आणखी एक. शून्याकडे नेताना भांड्यातला गॅस आकसतो आणि एअरलॉकमधलं पाणी आत खेचलं जातं, तेव्हा एअरलॉक काढून झाकण बंद करा, पण आंबणं पूर्ण थांबल्यावरच. आणि वरून उघडणारा चेस्ट फ्रीजर वापरत असाल तर झाकण उघडल्याबरोबर डोकं आत घालू नका. एका बॅचमधून काहीशे लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी साठतो. झाकण उघडून दोन मिनिटं थांबा, बेसमेंटची खिडकी उघडी ठेवा.