तीन अंकांवर पडदा उघडला!

'संगीत सौभद्र' सगळ्यांना माहीत आहे. पण ते उभं कसं राहिलं, हे मला वसई-विरारकरांना मुद्दाम सांगावंसं वाटतं.

अण्णासाहेब किर्लोस्कर म्हणजे नोकरदार माणूस. पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत कामाला. पुण्यात आलेल्या पारशी कंपनीचं 'इंद्रसभा' बघितलं आणि असं संगीत नाटक मराठीत करायचंच, हे डोक्यात बसलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल'चा प्रयोग झाला, तोही पहिल्या चार अंकांचाच.

त्याआधी विष्णुदास भाव्यांच्या पद्धतीत गाण्याचा भार सूत्रधारावर असायचा. अण्णासाहेबांनी पदं थेट पात्रांच्या तोंडी दिली. चाली घेतल्या साकी, दिंडी, कीर्तन, लावणी, कानडी गाणी अशा लोकांच्या कानात बसलेल्या.

'शाकुंतल' मुळात कालिदासाचं. 'सौभद्र' मात्र अण्णासाहेबांनी स्वतः रचलं. बलरामाला बहीण द्यायची दुर्योधनाला, तिचं मन अर्जुनावर. अर्जुन संन्यासी होऊन येतो आणि कृष्ण नामानिराळा राहून सूत्रं हलवतो. म्हणायला महाभारत, पण भांडणं, रुसवे, टोमणे सगळे मराठी घरातले. पदं शंभरावर! १८ नोव्हेंबर १८८२ ला पहिले तीनच अंक रंगले, पाचही अंक मार्च १८८३ मध्ये. सुभद्रा झाले भाऊराव कोल्हटकर. तेही बडोद्याला कचेरीत कारकून होते!

तिकडे न्यूयॉर्कमध्ये १८६६ साली 'द ब्लॅक क्रूक' आलं. ब्रॉडवेच्या संगीत नाटकांची सुरुवात बरेच जण तिथून धरतात. पहिला प्रयोग चालला साडेपाच तास! म्हणजे तिथेही पहिल्या रात्री सगळं घोटीव नव्हतंच.

हे आज का लिहितोय? मागे एका एकांकिकेच्या तालमीची बातमी करायला गेलो होतो. पोरं विरार लोकलमधून उतरून थेट आलेली, पाठीवर ऑफिसच्या बॅगा. तालीम बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. साडेनऊला वरून आवाज आला, "बंद करा आता!" वरच्यांचंही चूक नाही. घरात म्हातारी माणसं असतात, दहावीची मुलं असतात. पोरांनी मुकाट्याने बॅगा उचलल्या.

बारा लाखांच्या वर लोकवस्ती आपली, ती पण २०११ च्या जनगणनेत. नाटक बघायला आपल्यातले कितीतरी जण बोरिवली गाठतात. मोठ्या नाट्यगृहाची मागणी रास्तच आहे. पण नाटक तयार होतं तालमीत. शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामेच असतात ना? आठ ते दहा, नाममात्र भाड्यात, दोन वर्ग दिले तर काय बिघडेल? येत्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला मी एवढंच विचारणार आहे.

किर्लोस्करांनी पाच अंक पूर्ण व्हायची वाट पाहिली नाही. आपणही पाच कोटींच्या इमारतीची वाट बघायला नको.

तुमच्या भागात तालमीला जागा कुठे मिळते? कॉमेंटमध्ये लिहा. यादी करू आणि निवेदन देऊ.