पितळ आणि नोंदवही

निगडीच्या एका कुटुंबात गृहाशीर्वादासाठी गेलो असताना दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात एक पितळी यंत्र दृष्टीस पडले. अंशांच्या रेघा असलेली कमान, दोन छोटे आरसे आणि एक लहानशी दुर्बीण. सूर्य आणि क्षितिज यांमधील कोन मोजून भरसमुद्रात जहाजाचे स्थान काढण्याचे हे साधन, सेक्स्टंट. कमानीवर लंडनच्या एका कारागिराचे नाव व १७१२ हे साल कोरलेले होते. घरधनी मूळचे वसईचे. भोसरीच्या एका कारखान्यात मापन विभागात तीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले. मुलगा चाकणला आहे. आजोबा गलबतावर तांडेल होते, त्या आठवणीपोटी हे यंत्र त्यांनी मुंबईच्या बाजारातून बरीच किंमत मोजून आणले.

सेमिनरीत असताना नौकानयनाच्या इतिहासाचे थोडे वेड मला लागले होते. मी म्हणालो, "हे साल जुळत नाही. जॉन हॅडली याने याचा पूर्वज, ऑक्टंट, लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला तो १७३१ मध्ये. सेक्स्टंट तर १७५७ नंतरचा."

ते हसले. "फादर, साल मला ठाऊक नव्हते, पण व्हर्नियर पाहिला तेव्हाच उमगले." त्यांनी भिंग आणले. व्हर्नियरची शून्याची रेघ मुख्य मापाच्या एखाद्या रेघेशी जुळली, की त्याची शेवटची रेघही जुळलीच पाहिजे. येथे दुसरी एकही जुळत नव्हती. रेघा केवळ शोभेच्या! जेसी रॅम्सडेन याने १७७० च्या दशकात कमानीवर अंश कोरण्याचे यंत्रच घडवले, तेव्हापासून खऱ्या साधनावरील रेघा डोळ्यांना ताण पडावा इतक्या सूक्ष्म व समान असतात. आज रुडकीसारख्या ठिकाणी अशा पितळी प्रतिकृती उघडपणे शोभेच्या वस्तू म्हणून बनतात, आणि त्यात गैर काही नाही. गैर असते ते प्रतिकृती जुनी म्हणून विकण्यात.

"मग ठेवलेत कशाला?" मी विचारले.

"आजोबांचे काहीच उरले नाही, म्हणून."

मला अधिक विचित्र वाटले ते निराळेच. त्यांच्या आजोबांनी सेक्स्टंट बहुधा हातातही धरला नसावा. किनाऱ्याने ये-जा करणारा आपला तांडेल होकायंत्र, तारे, वारा आणि दोरीला शिसे बांधून मोजलेली पाण्याची खोली यांवर गलबत हाकीत असे. खोट्या यंत्रात आपण खोटे आजोबाही पाहत होतो.

त्या संध्याकाळी मी त्यांना एका दर्यावर्दीची गोष्ट सांगितली. दों जुआंव द कास्त्रो हा लिस्बनचा, जन्म १५०० चा, गणिती पेद्रो नुनिश याचा शिष्य. १५३८ च्या अखेरीस गोव्याहून दीवकडे निघालेल्या आरमारात तो होता. तो साम्राज्याचा सेनानी होता, आपल्या किनाऱ्यावर तोफा घेऊन आला होता, हे विसरून चालणार नाही. पण त्या प्रवासात बंदर लागले की तो खाड्या, खडक, खोली, भरती-ओहोटी यांची नोंद करी, बंदरांची चित्रे काढी. घारापुरी आणि कान्हेरीची लेणीही त्याने पाहून वर्णिली.

त्याच्यापाशी नुनिशच्या कल्पनेतले एक साधे साधन होते. होकायंत्रासोबत उभी काडी. दुपारपूर्वी सूर्य एका ठरावीक उंचीवर असता तिची सावली कोठे पडते ते पाहायचे, दुपारनंतर सूर्य पुन्हा तेवढ्याच उंचीवर आला की पुन्हा पाहायचे. दोन सावल्यांचा मध्य म्हणजे खरी उत्तर-दक्षिण रेषा. चुंबकसुई तिच्यापासून किती ढळते, ते मोजायचे. ही ढळ पाहून आपण पूर्वेला वा पश्चिमेला किती आलो ते कळेल, अशी त्या काळी अनेकांची आशा होती. कास्त्रोने १५३८ ते १५४१ या काळात चाळीसहून अधिक वेळा मोजमाप केले आणि ही आशा फोल असल्याचे नोंदवले. जहाजावरील तोफा जवळ असल्या की सुई बहकते, हेही त्याच्या ध्यानी आले. आणि वसईच्या परिसरात सुई अनपेक्षितपणे वेगळीच दिशा दाखवू लागली, तेव्हा त्याने कारण शोधले ते तेथील खडकांत. आज आपण जाणतो की आपल्या काळ्या पाषाणात, बेसाल्टमध्ये, लोहचुंबकी खनिज असते. वसईच्या त्या खडकांपासून चाकणच्या माळापर्यंत हाच पाषाण पसरला आहे.

पुढे तो गोव्याचा गव्हर्नर झाला. दीवचा किल्ला पुन्हा बांधण्यासाठी कर्ज काढताना त्याने दाढीचे केस तारण पाठवले, ही कथा प्रसिद्धच आहे. ६ जून १५४८ रोजी गोव्यात तो मरण पावला. अखेरच्या घटकेस संत फ्रान्सिस झेवियर जवळ होते, असे परंपरा सांगते. गोवा ते दीव या प्रवासाची त्याची वही १८४३ साली पोर्तो येथे छापली गेली. त्या सावलीच्या काडीने काय पाहिले, ते आपल्याला कळते ते त्या वहीमुळे.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. किनाऱ्यावरील एका धर्मग्रामात मी तरुण साहाय्यक असताना एका वृद्ध तांडेलाच्या दफनविधीनंतर घर आवरले जात होते. लाकडी पेटीतले होकायंत्र मुलांनी जपून ठेवले. तिथी, वारा, बंदर आणि माल यांनी भरलेल्या पाच-सहा वह्या मात्र रद्दीत निघाल्या. मी उंबऱ्याशी उभा होतो. होकायंत्राचे कौतुक मीही केले. वह्यांविषयी मला एक शब्द सुचला नाही.

निगडीच्या गृहस्थांनी हे ऐकून घेतले, पण त्यांच्यातला मापन विभाग एव्हाना जागा झाला होता. "वसईला सुई किती ढळली होती, त्याचा आकडा आहे का?" नाताळात बहिणीकडे वसईला जाणार आहेत. किल्ल्याजवळच्या खडकांवर होकायंत्र, काडी आणि कोरी वही घेऊन दिवसभर बसायचा त्यांचा बेत आहे. मी एवढेच सुचवले, की खिशातला मोबाइल आणि किल्ल्या दूर ठेवाव्यात. वसईच्या चुलतभावालाही त्यांनी माळ्यावरची ट्रंक उघडून पाहायला सांगितले आहे. अजून त्याचा फोन आलेला नाही.