डीव्हीआर सांगलीत, मालक साताऱ्यात : पोर्ट फॉरवर्डिंग करूनही कॅमेरा का दिसत नाही?

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं गोदाम आहे आणि मालकाचं घर साताऱ्यात. गोदामाच्या वायफायवर कॅमेरे मोबाईलवर झकास दिसतात. साताऱ्यात आलं की स्क्रीन काळी. कॅमेरावाला फोनवर म्हणतो, "पोर्ट फॉरवर्डिंग केलंय, चालायला पाहिजे." पण चालत नाही.

राउटर म्हणजे सोसायटीचा वॉचमन. आतून बाहेर जाणाऱ्याला तो अडवत नाही, पण बाहेरून न बोलावता आलेल्याला गेटवरूनच परत पाठवतो. हे अडवण्याचं काम फायरवॉलचं. 'अमुक नंबरच्या दारावर कोणी आलं तर त्याला डीव्हीआरकडे सोड' असं वॉचमनला सांगून ठेवणं म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग.

कॅमेरा दिसला नाही की बहुतेक जण पहिला संशय फायरवॉलवर घेतात आणि सेटिंग दहा वेळा बदलतात. त्याआधी दोन आकडे जुळवून बघा. गोदामाच्या राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी आणि त्याच वायफायवरून 'माझा आयपी' सर्च केल्यावर दिसणारा आयपी.

दोन्ही वेगळे असतील आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर विषय तिथंच संपला. याला सीजीनॅट म्हणतात. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटीच. आशिया-पॅसिफिकचा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या गठ्ठ्यावर आला. त्यामुळे कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. म्हणजे तुमच्या वॉचमनच्या पुढे कंपनीचा आणखी एक वॉचमन उभा, आणि त्याला तुम्ही काही सांगू शकत नाही. अशा वेळी ब्रॉडबँड कंपनीकडे पब्लिक स्टॅटिक आयपी मागायचा, नाहीतर क्यूआर कोड स्कॅन करून चालणारं डीव्हीआर कंपनीचं क्लाउड ॲप वापरायचं.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा गोदामातच दोन राउटर एकामागे एक लागलेत. फायबरवाल्याचा एक, तुमचा एक. त्यातला एक ब्रिज मोडवर टाकावा लागतो.

आकडे जुळतायत, तरी कॅमेरा दिसत नाही? मग लाईट आठवा. लाईट जाऊन आली की राउटर डीव्हीआरला नवा पत्ता देऊ शकतो, आणि तुमचा नियम मात्र जुन्याच पत्त्यावर पाहुणे पाठवत राहतो. राउटरमध्ये डीव्हीआरचा पत्ता कायमचा राखून ठेवा. तपासताना वायफाय बंद करून मोबाईल डेटा वापरा, कारण बरेच राउटर आतल्या माणसाला बाहेरच्या दारानं परत आत घेत नाहीत. 'कनेक्शन नाकारलं' असं लगेच आलं तर निरोप बहुतेक पोहोचतोय, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. नुसतंच फिरत राहिलं तर वाटेत फायरवॉल किंवा कंपनी तो गिळतेय. तेव्हा बाहेरचा पोर्ट नंबर बदलून बघा.

काही जण वैतागून फायरवॉलच बंद करतात. हा शुद्ध वेडेपणा आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं कंपनीचाच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर शोधून ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर झालेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साईट अनेक ठिकाणी बंद पडल्या. त्यामुळे पोर्ट उघडण्याआधी डीव्हीआरचा पासवर्ड बदला. राउटरमध्ये व्हीपीएनची सोय असेल तर डीव्हीआरसाठी पोर्ट उघडूच नका, व्हीपीएनमधूनच आत जा.